चमकीची रेघ

सदर बाजारातल्या निम्म्या दुकानदारांचा वरचा जबडा मी आतून पाहिलेला आहे. रस्त्यात कोणी हसून नमस्कार केला की मला आधी त्याची डावीकडची वाकडी दाढ आठवते, मग त्याचं नाव. बायको म्हणते, हा रोग आहे. असेल. एकतीस वर्षं लोकांच्या दातांचे एक्स-रे काढल्यावर माणसाला काहीतरी होणारच.

मी दातांच्या एक्स-रेचा टेक्निशियन, गेल्या वर्षी निवृत्त झालो. लहानपण याच हिंदी मुलखातल्या शहरात, कडेच्या रांझीत गेलं. वडील फॅक्टरीत टर्नर होते. शाळेत हिंदी, घरात मराठी, आणि नागपूरला मामांकडे गेलो की "तुमच्याकडे असंच बोलतात का रे?" अशी चौकशी. नोकरी मात्र सगळी सदरमध्ये, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर असलेल्या सेंटरमध्ये झाली. खालून ताज्या टोस्टचा वास वर यायचा आणि बाकावर बसलेली दाढदुखीवाली मंडळी आणखीच केविलवाणी दिसायची.

सुरुवातीला फिल्मचा जमाना होता. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, चिमट्यांनी दोरीवर टांगायची, आणि डॉक्टरांना घाई असली की ओलीच हातात धरून जिना उतरायचा. मग डोक्याभोवती फिरणारं मशीन आलं, आणि शेवटच्या काही वर्षांत सीबीसीटी. या अक्षरांचा अर्थ पेशंटला सांगून काही उपयोग नसतो, मी सांगून पाहिलेला आहे. काम सोपं आहे. माणूस हनुवटी टेकवून उभा राहतो, मशीनचा हात त्याच्या डोक्याला एक प्रदक्षिणा घालतो, आणि कॉम्प्युटरवर आख्खा जबडा उभा राहतो. मग तो कसाही कापून बघा, आडवा, उभा, तिरका. पावाचे काप काढतो तसे काप निघतात आणि पेशंटला कळतही नाही.

खालचा जबडा तसा सरळमार्गी. एक नस सांभाळली की बरंचसं काम झालं. भानगडी वरच्या जबड्यात. वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या आत, एक रिकामी खोली असते. तिला सायनस म्हणतात. सर्दी झाली की जी जड होते तीच. दाढा पडल्या की या खोलीची जमीन हळूहळू खाली उतरते आणि मधलं हाड पातळ होत जातं. तिथे नव्या दाताचा स्क्रू बसवायचा तर त्याला धरायला हाडच उरलेलं नसतं. म्हणून सर्जन गालाच्या बाजूनं हाडात छोटी खिडकी पाडतो, खोलीचं आतलं अस्तर अलगद वर उचलतो आणि खाली हाडाची पूड भरतो. हे अस्तर उकडलेल्या अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्याइतकं नाजूक असतं. आता कोणाच्या खोलीत मधेच एक आडभिंत निघते, कोणाच्या भिंतीतून रक्तवाहिनी जात असते. आडभिंत आहे हे माहीत नसताना अस्तर उचललं तर ते फाटतं, आणि मग सगळंच बिघडतं. म्हणून आधी नकाशा लागतो. नकाशा काढणं माझं काम, वाचून रिपोर्ट लिहिणं आमच्या मॅडमचं, आणि त्यावर विसंबून हत्यार चालवणं सर्जनचं.

ऐकायला हे फार गंभीर वाटतं. प्रत्यक्षात माझा दिवस "हलू नका" आणि "थुंकी गिळू नका" ही दोन वाक्यं बोलण्यात जायचा. थुंकी गिळू नका म्हटलं की ज्याला आठवडाभर थुंकी गिळायची आठवण झालेली नसते त्यालाही त्याच क्षणी होते. एक सुभेदार साहेब आले होते. हलू नका म्हटल्यावर ते सावधानमध्ये उभे राहिले, श्वासही रोखला, आणि मशीन थांबल्यावरही हलेनात. शेवटी मला "विश्राम" म्हणावं लागलं. एक वकील प्रदक्षिणा चालू असताना मला विचारत होते की किरणांनी नुकसान झालं तर दावा कोणावर लावायचा. त्यांच्या चित्रात दातांच्या तीन-तीन रांगा आल्या. एका आजींनी स्क्रीनवर आपली कवटी पाहिली, बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "मैं तो इसमें दुबली लग रही हूँ।" त्या फोटो मागून घेऊन गेल्या.

पण माझी खरी लढाई धातूशी. किरणांना धातू चालत नाही. धातूचा तुकडा मधे आला की चित्रात त्याच्यापासून पांढऱ्या-काळ्या रेघा फुटतात आणि आजूबाजूचं सगळं झाकून टाकतात. म्हणून मशीनजवळ मी एक स्टीलची ताटली ठेवलेली होती. चष्मा, कानातलं, केसांच्या पिना, गळ्यातली साखळी, नकली दातांची प्लेट, कानाचं मशीन, सगळं ताटलीत. अंबाड्यातून किती पिना निघू शकतात हे मी सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल. पोलिसात असतो तर नाव काढलं असतं, असं मॅडम मला म्हणायच्या. त्या ताटलीचा मला गर्व होता. माझ्याकडून धातू कधी सुटला नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

सुटला. एकदाच, आणि मी डोळ्यांदेखत सोडला.

निर्मलाकाकू बोरकर आणि बोरकर काका रांझीच्या आमच्या कॉलनीतले. काका फॅक्टरीत वडिलांच्याच शॉपमध्ये होते. लहानपणी काकूंच्या घरची भाकर मी इतकी खाल्ली आहे की आईनं त्यांना एकदा ज्वारी नेऊन दिली होती. ती दोघं अचानक सेंटरच्या जिन्यात दिसली, तेव्हा मी पळत जाऊन काकांचा हात धरला. त्यांच्या छातीचं मोठं ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते. एकेका पायरीवर थांबत ते वर आले आणि बाकावर बसून म्हणाले, "मी ठीक आहे. पेशंट ही आहे."

काकूंच्या वरच्या दाढा दोन्ही बाजूंच्या गेलेल्या. प्लेट बनवली होती, पण ती चावताना खाली यायची. काकांनी सगळी हकीकत सांगितली. दर रविवारी दोघं स्कूटरवरून नदीवर, ग्वारीघाटला जायचे, पायऱ्यांवर बसून एका पुडीतले फुटाणे खायचे. लग्न झाल्यापासूनचा नेम होता.

"तीन वर्षं झाली, ही नुसती बसून राहते," काका म्हणाले. "मी एकटा खातो. एकट्यानं फुटाणे खायला काय मजा आहे, तूच सांग. आता मी किती दिवसांचा आहे माहीत नाही. म्हटलं, आधी हिचे दात."

"अहो, काय बोलून राहिले," काकू म्हणाल्या. "सुधाकर, तू चल बेटा, काय करायचं ते कर."

सर्जननी आधी डावी बाजू करायची ठरवली होती. मी ताटली पुढे केली. काकूंनी कानातलं काढलं, पिना काढल्या, मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. नाकातली चमकी राहिली. हिऱ्यासारखा एक खडा, मागे सोन्याची फिरकी.

"काकू, ही पण."

"ही नाही निघायची."

"काहून?"

"काहून म्हणजे? हे बाहेर बसून आहेत ना." त्यांनी आवाज खाली आणला. "सासूबाईंनी घातली लग्नात. आमच्याकडे ही कधी काढतात तुला ठाऊक आहे. यांना आत नेलं होतं ऑपरेशनला, तेव्हा नर्स म्हणे काढून ठेवा सामान, चोरी होते. मी चमकीला हात लावून बसून राहिली पाच तास. आता काढू?"

दुसरी कोणी असती तर मी समजावलं असतं. चमकी नाकाशी, म्हणजे बरोबर सायनसच्या जमिनीच्या पातळीला, आणि आम्हाला नेमकी तीच जमीन बघायची होती. हे सगळं मला पाठ होतं. पण जिच्या हातची भाकर खाल्ली तिला मी काय हुकूम सोडणार. माझ्या तोंडातून निघून गेलं, "राहू द्या काकू. बघतो मी."

चित्र आलं. चमकीपासून रेघा फुटल्या होत्या, अपेक्षेप्रमाणे. मॅडमनी काप एकामागून एक सरकवले. डाव्या खोलीत त्यांना एक फिकट रेघ दिसली.

"ये लाइन क्या है, सुधाकर जी?"

"लौंग की है मॅडम," मी म्हणालो. चमकीला इकडे लौंग म्हणतात. "उतर नहीं रही थी।"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसावर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की दागिन्यामुळे चित्रात रेघा आहेत, आडभिंत दिसत नाही. ऑपरेशन पाच दिवसांनी होतं.

चौथ्या दिवशी सराफ्यातले सोनी जी आले. पिढीजात सोनार, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात दोन सोन्याच्या टोप्या. टोप्या काही ताटलीत काढून ठेवता येत नाहीत, त्यामुळे रेघा येणार हे माहीतच होतं. प्रदक्षिणा झाली आणि मी स्क्रीनवर बघत बसलो. सोन्यापासून चारी बाजूंना सरळ रेघा गेल्या होत्या, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. कोणतीही रेघ धरून मागे या, सोन्यापाशीच पोहोचता. धातूच्या रेघेचा हा स्वभावच आहे. मी हे नवीन पोरापोरींना शिकवलेलं आहे.

आणि मला काकूंची रेघ आठवली. ती चमकीकडे जात नव्हती.

मी काकूंची फाइल उघडली.  ती रेघ आडवी होती, चमकीपासून फुटलेल्या रेघांना छेदून जाणारी, मधे किंचित वाकलेली. धातूची रेघ वाकत नाही. चमकीच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली होती आणि मला ती दिसायला नकोच होती, कारण दिसली असती तर काकूंना परत बोलावून तेच मागावं लागलं असतं. मला स्वतःची फार लाज वाटली. उद्या सकाळी सर्जन माझ्या शब्दावर विसंबून तिथे खिडकी पाडणार होते.

मी उठून मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. चमकी निघत नव्हती हे खोटं होतं, मी काढायला लावलीच नाही, आणि ती रेघ चमकीची नाही.

मॅडमनी चित्र पाहिलं.  मग फोन उचलून सर्जनना सांगितलं की उद्याचं थांबवा. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "आज बता दिया, अच्छा किया। अब उनको भी आप ही बताइए।"

मॅडमना सांगणं त्या मानानं सोपं होतं. संध्याकाळी रांझीला काका-काकूंच्या घरी गेलो. काकूंनी चहा टाकला. मी तो पिण्याआधीच बोलून टाकलं. चूक माझी आहे, चित्र पुन्हा काढावं लागेल, थोडे का होईना किरण पुन्हा घ्यावे लागतील, आणि या वेळी चमकी काढावी लागेल. काकूंचा हात नाकाकडे गेला.

काका माझ्याकडे बघत होते. "तुझा बाप एक सूत फरक निघाला तर आख्खा माल परत पाठवायचा. लोक शिव्या द्यायचे त्याला. तू त्याचाच पोरगा ना?"

"हो काका."

"मग उशिरा का आला?"

 काकूंनी माझा चहा उचलून पुन्हा गरम करायला आत नेला.

"राहू द्या ना दात," त्या आतूनच म्हणाल्या. "तीन वर्षं निघाली, अजून निघतील."

काका मला म्हणाले, "उद्या अकरा वाजता येतो. तुझ्याकडे कोणी फिरकी खोलणारा आहे का? पन्नास वर्षांची बसली आहे ती."

होता. सोनी जी आपला रिपोर्ट घ्यायला दुसऱ्या दिवशी येणारच होते. मी फोन करून विनंती केली, तर बारीक चिमटा, तेलाची कुपी आणि भिंग घेऊन अकराच्या आधीच हजर. काकूंना खुर्चीत बसवलं. सोनी जींनी तेलाचा एक थेंब सोडला, थांबले, पुन्हा एक थेंब सोडला. आतून हळूहळू फिरकी सैल केली. काकूंनी डोळे गच्च मिटलेले, डोळ्यांतून पाणी. मग सोनी जींनी चिमटा खाली ठेवला.

"खोल दिया है। निकालूँगा नहीं," ते म्हणाले. "तीस साल से यही धंधा है, मैं जानता हूँ किसका हाथ नहीं लगना चाहिए।"

 माझ्या हातात ताटली, आणि ती पुढे करायची मला हिंमत होईना. तेव्हा काका बाकावरून उठले. भिंतीला धरत आत आले.

"निर्मला, इकडे बघ."

काकूंनी डोळे उघडले.

"मी काढून राहिलो. मी आहे, म्हणून काढून राहिलो. समजलं?"

 दोन बोटांनी त्यांनी चमकी ओढून घेतली. इतक्या वर्षांचा छोटासा काळा ठिपका काकूंच्या नाकावर दिसला आणि त्या एकदम अनोळखी वाटल्या, लहान मुलीसारख्या. मी ताटली पुढे केली तर काकांनी मान हलवली.

"तुझ्या ताटलीत नाही."

चमकी मुठीत धरून ते माझ्याबरोबर काचेच्या मागे उभे राहिले. मी "थुंकी गिळू नका" म्हटलं तेव्हा त्यांनीही गिळली नाही, मी पाहिलं. फक्त डाव्या बाजूचाच छोटा भाग घेतला, किरण कमीत कमी लागावेत म्हणून. मशीन थांबल्याबरोबर ते आत गेले आणि चमकी त्यांनीच परत घातली. फिरकी तेवढी सोनी जींनी बसवली. तोवर जेमतेम पाच मिनिटं झाली असतील.

चित्र आलं. डाव्या खोलीच्या जमिनीवर स्वच्छ, पांढरी आडभिंत उभी होती, आणि बाहेरच्या भिंतीतून एक रक्तवाहिनी जात होती, सर्जन जिथे खिडकी पाडणार होते तिथूनच. मॅडमनी ते माप घेऊन माझ्याकडे पाहिलं. त्या दोन शब्द बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सर्जननी एकाच्या जागी दोन लहान खिडक्या पाडल्या, भिंतीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, रक्तवाहिनीच्या खाली. अस्तर शाबूत राहिलं. सातेक महिन्यांनी स्क्रू बसले, मग दात. त्यानंतर एक दिवस काका एकटेच जिना चढून आले, पायरीवर न थांबता. फुटाण्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "तक्रार करायला आलो आहे. आता पुडी अर्ध्या वेळात संपते. माझ्या वाट्याला काही येत नाही."

त्या ताटलीबद्दल मी नंतर कधी फुशारकी मारली नाही. जुनी ताटली होती, तीच ठेवली. "राहू द्या" हे शब्द मात्र मशीनजवळ पुन्हा उच्चारले नाहीत. भाकर कोणाच्याही हातची खाल्लेली असो.

काका पुढच्या वर्षी गेले. झोपेतच गेले. मी रांझीला गेलो होतो, पण गर्दीत काकूंशी बोलता आलं नाही.

माझ्या निवृत्तीला महिनाभर राहिला होता तेव्हा काकू सेंटरवर आल्या, एकट्या, ऑटोनं. उजवी बाजू करायची होती. "त्यांनी म्हणून ठेवलं होतं, दुसरी बाजू पण कर. टाळाटाळ करू नको."

मी त्यांच्याकडे पाहिलं. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. नाकात चमकी होती.

त्यांना माझी नजर कळली. "कॉलनीतल्या बाया आल्या होत्या काढायला. मी म्हटलं, ज्यांनी परत घातली त्यांना विचारून येऊन राहिल्या का तुम्ही? गेल्या परत."

 मनात विचार चालू होता की मॅडमना काय सांगायचं, कोन बदलून काही जमेल का, दुसरं लहान चित्र चालेल का. तेवढ्यात काकूंनी दोन्ही हात नाकाशी नेले आणि सावकाश फिरकी खोलायला लागल्या.

"काकू, अहो..."

"यंत्राला अडचण होते ना? मग काढते. यंत्रासाठी काढली तर चालते, हे त्यांनीच दाखवून ठेवलं आहे."

चमकी निघाली. सवयीनं मी ताटली पुढे केली. काकूंनी ती बाजूला सारली, माझा डावा हात धरला, तळव्यावर चमकी ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"त्यांनी धरली होती तशी धर."

मी काचेच्या मागे गेलो. बटण दाबायला एकच हात लागतो, हे एकतीस वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. चित्र स्वच्छ आलं, एकही रेघ नाही. काकू बाहेर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मूठ उघडायला मला जरा वेळ लागला.